आवाज येतो, अक्षर येत नाही

मला आवाज सगळे येत होते. स्कूटरचा, मिक्सरचा, शेजारच्या गच्चीवरल्या कुत्र्याचा. येत नव्हती ती अक्षरं. स, श, च, फ, थ यांसारखी नुसत्या हवेवर उच्चारली जाणारी व्यंजनं आधी पुसट झाली, मग गेलीच. मी दुसरीला शिकवते. पोरगं 'साठ' म्हणायचं आणि मला 'आठ' ऐकू यायचं. 'सहा' आणि 'दहा' यांत फरक उरला नव्हता. पुरुषांचं बोलणं त्यातल्या त्यात कळायचं. बायकांचे आणि लेकरांचे बारीक आवाज निसटायचे, आणि माझा तर सगळा दिवस लेकरांमध्येच.

घरी मार्च सरता सरता कुलर लागले की माझ्याशी बोलणं जवळपास थांबायचं. नागपूरच्या उन्हाळ्यात कुलर बंद करा म्हणण्याची सोय नाही. मुलगा म्हणायचा, "आई, तू लक्षच नाही देऊन राहिली." नवरा आवाज चढवायचा. त्याचा आवाज मोठा होई, शब्द तसाच्या तसा अर्धवट राही, आणि वरून दोघांनाही वाटे की आपल्यावर कोणीतरी खेकसतंय. हे सगळं इतकं सविस्तर लिहितेय कारण अशा माणसाला घरचे 'बहिरी' म्हणत नाहीत, 'हिचं ध्यान नसतं' म्हणतात, आणि त्यात वर्षं जातात. माझ्या आईची अशीच गेली.

आमच्या डॉक्टरांनी आधी कानात मळ आहे का ते पाहिलं. थोडा होता, तो काढला. फरक पडला नाही म्हणून त्यांनी धंतोलीतल्या एका कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी एकच सूर देणारा ५१२ हर्ट्झचा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) वाजवून आधी कानासमोर धरला, मग कानामागच्या हाडावर टेकवला, मग कपाळावर. कुठे जास्त ऐकू येतं, एवढंच विचारत होते. मग प्रश्न: हे हळूहळू झालं की एकाएकी? लहानपणी टीबीची इंजेक्शनं घेतली होती का? कर्करोगाची औषधं? कधी यंत्रांच्या गोंगाटात काम? घरात आणखी कोणाला?

'एकाएकी' या प्रश्नावर ते थांबले आणि म्हणाले की कान एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत बसला, तर ती धावत यायची वेळ असते. तेव्हा स्टेरॉइड दिली तर काहींचं ऐकणं परत येतं, पण ती जितकी लवकर, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत, तितकं बरं. लोक 'सर्दीने दडा बसला असेल' म्हणून महिना काढतात आणि ती संधी निघून जाते. माझं तसं नव्हतं. पण हे वाचणाऱ्या कोणाच्या घरात उद्या सकाळी एक कान बंद होऊन कोणी उठलं, तर त्याच दिवशी दाखवा.

मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी. आवाज न येणाऱ्या छोट्या खोलीत बसवतात, हेडफोन लावतात, हातात बटण देतात. ऑडिओलॉजिस्ट एक तरुण मुलगी होती. "काकू, अगदी बारीक जरी वाटला तरी दाबा, अंदाज नका बांधू." २५० हर्ट्झच्या घुमणाऱ्या स्वरापासून ८००० हर्ट्झच्या टोकदार स्वरापर्यंत प्रत्येक ठिकाणी किती हळू आवाज ऐकू येतो ते ती मोजत गेली. नंतर हेडफोन काढून कानामागच्या हाडावर एक छोटा थरथरणारा ठोकळा बसवला आणि दुसऱ्या कानात सळसळ सोडली, म्हणजे त्या कानाने मध्येच उत्तर देऊ नये.

बाहेर आल्यावर तिने ग्राफ समोर ठेवला. उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली; आकडा जितका मोठा तितकी घट जास्त. माझ्या उजव्या कानाची रेषा कागदाच्या डाव्या कडेला, घुमणाऱ्या स्वरांपाशी, ३० डेसिबलच्या आसपास होती, मग घसरत घसरत ४००० हर्ट्झपाशी ६५ वर आली. डावा कान तिथे ८० वर. डेसिबल हे बेरजेचं नाही, गुणाकाराचं माप आहे हे तिने सांगितलं तेव्हा मला त्या उताराचा अर्थ लागला. दर १० डेसिबलला आवाजाची शक्ती १० पट होते. म्हणजे ६० डेसिबलची घट म्हणजे दहा लाख पट शक्ती लागते, तेव्हा कुठे तो स्वर माझ्या कानाला जेमतेम जाणवतो.

हवेतून आलेला आवाज आणि हाडातून आलेला आवाज यांच्या रेषांत अंतर असेल, तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात असतो: मळ, पडद्याला भोक, पडद्यामागे पाणी, आखडलेली हाडं. त्यातलं बरंचसं औषधाने किंवा ऑपरेशनने सुधारतं. माझ्या दोन्ही रेषा एकमेकींना चिकटून उतरत होत्या. हाडातून थेट आतल्या कानाला आवाज दिला तरी तेवढाच कमी ऐकू येत होता. म्हणजे वाट मोकळी होती, घट आतच होती.

यानंतर झालेली परीक्षा मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि तीच बरेचदा गाळली जाते. तिने मला पुरेसा, आरामात ऐकू येईल इतका आवाज ठेवून साधे मराठी शब्द ऐकवले आणि जे कळेल ते म्हणायला सांगितलं. उजव्या कानाने शंभरातले चौऱ्याऐंशी टक्के बरोबर, डाव्याने चौसष्ट. आवाज आणखी वाढवला तरी डाव्याचा आकडा वर गेला नाही. घरी इतकी वर्षं जे होत होतं ते मला त्या क्षणी कागदावर दिसलं. बोलण्यातला जोर असतो स्वरांत, आ-ई-ओमध्ये. अर्थ उमगतो तो बारीक व्यंजनांवरून. ओरडलं की स्वर फुगतात आणि व्यंजनं त्यांच्याखाली आणखी दबतात. मी नवऱ्याला मुद्दाम आत बोलावून तो कागद दाखवायला लावला.

दोन कानांत १५ डेसिबलचा फरक होता म्हणून एमआरआय करायला सांगितलं. ऐकण्याच्या नसेवर क्वचित एक गाठ होते. ती बहुधा कर्करोगाची नसते आणि हळू वाढते, पण सुरुवातीला ती बरेचदा फक्त एका कानाचं ऐकणं कमी करूनच दिसते. माझा एमआरआय स्वच्छ निघाला. रिपोर्ट हातात येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते लिहीत नाही.

मग मुख्य गोष्ट. डॉक्टरांनी कागदावर शंख काढला. आतल्या कानातला हा शंख अडीच वेढ्यांचा, उलगडला तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. आवाजाची लाट त्याच्यातून जाते. प्रत्येक उंचीचा स्वर त्याच्या लांबीवर वेगळ्या जागी जोरात उमटतो. ही लाट समजावून सांगण्याबद्दल जॉर्ज फॉन बेकेशी यांना १९६१चं नोबेल मिळालं होतं. मी भजनी मंडळात पेटी वाजवते, त्यामुळे मला लगेच कळलं: शंख म्हणजे गुंडाळून ठेवलेली पेटीच्या पट्ट्यांची ओळ, आणि माझ्या वरच्या सप्तकाच्या पट्ट्या मुक्या झाल्या आहेत. उंच स्वरांची जागा शंखाच्या तोंडाशी असते, तीच आधी झिजते. वयानेही, गोंगाटानेही.

शंखाच्या सगळ्या लांबीवर आवाज टिपणाऱ्या केसपेशींच्या ओळी असतात. आतली एक ओळ, साधारण साडेतीन हजार पेशींची. ती ऐकलेलं नसेकडे पाठवते. बाहेरच्या तीन ओळी, जवळपास बारा हजार. त्यांचं काम हळू आवाजाला जोर देणं आणि शेजारचे स्वर वेगळे काढणं. बाहेरच्या गेल्या की दोन गोष्टी होतात. एक, हळू आवाज पोचतच नाही, आणि मोठा मात्र पूर्वीइतकाच मोठा लागतो. म्हणूनच मी "काय म्हटलं?" विचारायचे आणि समोरच्याने जोरात सांगितलं की "ओरडता कशाला?" म्हणायचे. दोन्ही खरं होतं. दुसरं, स्वर वेगळे काढण्याची धार बोथट होते, त्यामुळे गर्दीत एकाचं बोलणं दुसऱ्यात मिसळतं.

मी विचारलं, "ह्या पेशी परत येतात का?" डॉक्टर म्हणाले, पक्ष्यांत येतात. कोंबडीच्या कानात मेलेल्या केसपेशींच्या जागी नव्या उगवतात. माणसात नाही. आपण जन्माला येतो तेव्हा जेवढ्या असतात तेवढ्यांवरच आयुष्य काढायचं. आज असं कोणतंही औषध नाही जे त्या परत आणेल. "मॅडम, हे कायमचं आहे. पण ह्याचं काही करता येत नाही, असा याचा अर्थ नाही." कारणाबद्दल त्यांनी ठामपणे काही सांगितलं नाही, आईचं तसंच होतं, तेव्हा घराण्यातून काही आलं असावं, वयाची भर पडली असावी.

त्या दिवशी मी काँग्रेसनगरच्या मेट्रो स्टेशनपर्यंत चालत गेले आणि रस्ताभर रडले. 'कायमचं' हे ऐकायला तयारी लागते. माझी नव्हती.

पुढचे काही आठवडे सल्ल्यांचे. लसणाचं तेल, अमुक मुळीचा रस, नस मोकळी करणारे थेंब. सांगणारे जिव्हाळ्याने सांगत होते, त्यांच्यावर राग नाही. पण कानात टाकलेला थेंब पडद्याशी अडतो. पडद्याच्या पलीकडे मधला कान, आणि त्याच्याही पलीकडे हाडाच्या कोंदणात शंख. तेल तिथे पोचतच नाही. पडद्याला भोक असेल तर मात्र मधल्या कानात जंतू घेऊन जातं. हे मी सर्वांना सांगत राहिले, मावशीलासुद्धा.

दुसरा त्रास ऐकण्याच्या मशीनच्या दुकानाचा. बाजारातल्या एका ठिकाणी मी नुसती चौकशी करायला गेले. माझा ग्राफ न बघता एक मशीन कानात घातलं आणि विचारलं, "आता येतं ना ऐकू?" येतच होतं! आवाज वाढला होता. अक्षर आलं नव्हतं. वर 'मशीन नाही लावलं तर स्मृतिभ्रंश होतो' अशी भीती घातली. यात खरं काय ते मी ऑडिओलॉजिस्टला विचारलं. २०२०च्या लॅन्सेट आयोगाने मध्यम वयातली ऐकण्याची घट ही स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या बारा जोखमींमध्ये धरली आहे, हे खरं. २०२३मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत मशीन दिलेल्या सगळ्या ज्येष्ठांचा एकत्र विचार केला तर तीन वर्षांत फरक दिसला नाही. आधीपासून जोखीम जास्त असलेल्यांत मात्र घसरण बरीच मंदावली. एवढंच. घाबरलेल्या माणसाला वस्तू विकण्याचं ते हत्यार होऊ नये असं मला फार वाटतं.

मशीन मी त्याच ऑडिओलॉजिस्टकडून घेतलं, भारतीय पुनर्वास परिषदेची तिची नोंदणी पाहून. दोन्ही कानांना. मेंदू दोन कानांतला सूक्ष्म फरक वापरून दिशा ठरवतो आणि गोंगाटातून बोलणं वेगळं काढतो, म्हणून एकावर भागवायचं नाही असं तिने समजावलं. किमती काही हजारांपासून लाखांपर्यंत आहेत, आणि महाग ते माझ्यासाठी चांगलं असं नसतं. मी मधल्या किमतीचं निवडलं: कानामागे छोटा भाग, बारीक तार, आणि कानाच्या नळीत स्पीकर. ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांनी नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात आधी तपासणी करून घ्यावी. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून पात्र लोकांना मशीन मिळतं. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मात्र २०१६च्या कायद्यात दोन्ही कानांत बोलण्याच्या स्वरांना किमान ६० डेसिबल घट लागते. माझी त्यात बसत नाही. ४०-५० डेसिबलच्या माणसाची नोकरी आणि घर दोन्ही हलतं, आणि कागदावर तो धडधाकट ठरतो. हे मला पटत नाही.

मशीन बसवताना तिने कानाच्या नळीत एक केसासारखी बारीक नळी सरकवली आणि मशीन चालू असताना पडद्याजवळ नेमका किती आवाज पोचतो ते मोजलं. प्रत्येकाच्या कानाची नळी वेगळी, त्यामुळे कंपनीने भरून दिलेले आकडे सगळ्यांना लागू होत नाहीत. माझ्या डाव्या कानात उंच स्वर ठरल्यापेक्षा कमी पोचत होते, ते तिथल्या तिथे वाढवले. मशीनपेक्षाही ह्या मोजणीचे पैसे वसूल झाले असं मी म्हणेन.

पहिले दिवस जड गेले. प्लास्टिकच्या पिशवीचा चुरचुराट, माझ्याच बांगड्या, वहीचं पान उलटणं, पावलं, सगळं अंगावर येत होतं. स्वतःचा आवाज डोक्यात घुमायचा. इतकी वर्षं न आलेले आवाज मेंदूला अनोळखी झालेले असतात. कोणता टाकून द्यायचा हे त्याला पुन्हा शिकावं लागतं. तिने आधी आवाज थोडा कमी ठेवला होता आणि पुढच्या भेटींत वाढवत नेला. एकच ताकीद दिली: डब्यात ठेवून द्यायचं नाही, दिवसभर घालायचं. शांत खोलीत एकाशी बोलण्यापासून सुरुवात, मग दोघांशी, मग वर्ग. रोज रात्री मुलगा वर्तमानपत्र वाचायचा आणि मी त्याच्या तोंडाकडे न बघता मागून म्हणायचे. पावसाळा अर्धा होईतो 'साठ' पुन्हा 'साठ' झाला. कानातला बारीक गुंजारव, ज्याचा मी आतापर्यंत उल्लेख केला नाही, तोही मशीन असताना मागे पडतो. रात्री काढलं की परत येतो.

भजनाने मात्र माझी परीक्षा पाहिली. पेटीवर सूर धरून ठेवला की तो थरथरायचा, कापायचा. मला वाटलं भाता बिघडला. दोष पेटीचा नव्हता. मशीनमध्ये शिट्टी दाबणारी एक यंत्रणा असते. स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरून कुई होऊ लागली की ती तो सूर कापते. पेटीचा लांबलेला सूर तिला शिट्टीच वाटतो! ऑडिओलॉजिस्टने संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम भरून दिला: शिट्टी दाबणं जवळजवळ बंद, गोंगाट गाळणं बंद, लहान-मोठ्या आवाजातला फरक दाबणंही फारसं नाही. बटण दाबलं की तो लागतो. वरचा षड्ज पूर्वीसारखा येत नाही, पण सूर स्थिर आहे. मी पेटी सोडलेली नाही. खंजिरी अगदी शेजारी वाजली की जरा सरकून बसते.

मे महिन्यात पारा ४५ला टेकला की घाम कानामागून थेट मशीनवर उतरतो. रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवावं लागतं. सेल झिंक-एअरचे आहेत, तपकिरी पट्टीचे. पट्टी काढली की पाचेक मिनिटं हवा लागू द्यायची, मग बसवायचे. कोरड्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतात, म्हणून पट्टी आधीपासून काढून ठेवायची नाही. कुलरच्या झोतासमोर बसलं की वारा माईकवर फडफडतो. मी आता आडव्या बाजूला बसते.

घराने बरंच शिकलं. आधी हाक मारायची, मी बघितल्यावर बोलायचं. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये काही सांगायचं नाही. कळलं नाही तर तेच शब्द पुन्हा नाही, वेगळ्या शब्दांत. नवरा आता हळू बोलतो, आणि ही माझ्या उपचाराची निम्मी बाजू आहे असं मी मनापासून मानते. वर्गात मी बाकं अर्धगोलात लावून घेतली. लेकरांना सगळं सांगितलं. त्यांनी मशीन हातात घेऊन पाहिलं आणि विषय संपला. "मॅडम, सेल संपला का?" असं तीच विचारतात.

लग्नाच्या हॉलमध्ये, डीजेसमोर, मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत मला अजूनही कळत नाही, आणि कळणारही नाही. बोथट झालेली धार मशीन परत देत नाही. मारबतीला मी मशीन काढून कानात गोंगाट अडवणारे बोळे घालते. उरलेल्या पेशी मला जपायच्या आहेत. दर वर्षी ग्राफ काढते. डाव्या कानाचा शब्दांचा आकडा आणखी खाली आला, तर कॉक्लियर इम्प्लांटबद्दल बोलू असं डॉक्टर म्हणाले आहेत. त्यात मेलेल्या पेशींना वगळून शंखात घातलेली तार नसेला थेट विजेचे संकेत देते. आज ती वेळ नाही.

वर्ध्याची धाकटी बहीण हल्ली फोनवर सारखं "काय?" म्हणते. पुढच्या महिन्यात तिला तपासायला आणतेय. तिला आताच सांगून ठेवलंय: हाडाची तपासणी झाली का ते विचार, शब्दांची झाली का ते विचार, दोन कानांत फरक आहे का, मशीन कानात असताना मोजणार का, आणि परत केलं तर पैसे मिळतील का. ग्राफची झेरॉक्स मागून घे. आणि नवऱ्याला सोबत आण, शब्दांच्या परीक्षेच्या वेळी तो खोलीबाहेर नको.